तेल कुठे, किती आणि कशासाठी? यंत्रमागावरील झिजेचा हिशेब

शनिवार पेठेतील आमच्या पेढीवर इचलकरंजी, मालेगाव व भिवंडी येथून कोरे कापड येते. ठाण उलगडून उजेडासमोर धरले की दोन दोष वारंवार नजरेस पडतात. एक, तेलाचा काळा ठिपका किंवा रेघ. दुसरा, मधेच विरळ तर मधेच दाट पडलेली वीण. पहिल्या दोषाबद्दल कारखानदार म्हणतो, कारीगराने तेल जास्त ओतले. दुसऱ्याबद्दल म्हणतो, माग जुना झाला. व्यापारी दोन्ही वेळा भाव कापतो आणि विषय तेथेच संपतो. वास्तविक हे दोन्ही दोष पुष्कळदा एकाच मुळातून येतात. जिथे तेल हवे तिथे ते पोहोचत नाही आणि जिथे नको तिथे जाऊन बसते.

तेल घालणे हे आपल्याकडे पोऱ्याचे काम समजले जाते. परंतु दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले तर काय होते, ते झिजतात कसे आणि वंगण त्यांना वाचवते कसे, याचे एक स्वतंत्र शास्त्र आहे. त्याला ट्रायबॉलॉजी म्हणतात. ग्रीक भाषेतील ‘रगडणे’ या अर्थाच्या शब्दावरून हे नाव आले. उर्दू शाळेत आम्ही ज्याला ‘रगड’ म्हणत होतो आणि मराठी पुस्तकात ज्याला घर्षण म्हणतात, त्याचेच हे शास्त्र होय. व्यापारी व कारीगर बंधूंच्या रोजच्या नफा-नुकसानीशी त्याचा संबंध असल्याने ते येथे सोप्या शब्दांत मांडत आहोत.

घर्षण नसते तर कापडच नसते

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. घर्षण हा शत्रू नव्हे. आपल्या साध्या कापसाचा तंतू जेमतेम २५ ते ३० मिलिमीटर लांब असतो. अशा तुकड्यांतून मैलोगणती लांबीचे सूत तयार होते, ते कोणत्याही डिंकाने नव्हे. पीळ दिल्यामुळे तंतू एकमेकांवर दाबले जातात आणि घर्षणाने धरून राहतात. पीळ सोडला की सूत हातात सुटते. ताणा आणि बाणा कापडात जागच्या जागी राहतात तेही घर्षणामुळेच. आपला सारा धंदा घर्षणावर उभा आहे. म्हणून प्रश्न घर्षण नाहीसे करण्याचा नाही. ते कुठे राखायचे आणि कुठे कमी करायचे, एवढाच आहे.

घर्षणाचे दोन जुने नियम फ्रेंच शास्त्रज्ञ आमाँतों याने १६९९ मध्ये मांडले. भार दुप्पट झाला तर घर्षण दुप्पट होते, हा पहिला. वरकरणी टेकलेल्या भागाचे क्षेत्रफळ कमी-जास्त केले तरी घर्षण बदलत नाही, हा दुसरा.

आमच्या पेठेतील शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पुष्कळांनी पाहिला असेल. खिळे ठोकलेली ती अवजड दारे पाहून प्रश्न पडतो की, माणसे ती ढकलत कशी असतील? जुन्या काळच्या मोठ्या दारांना साधारणतः आजच्यासारखी बिजागरी नसे. फळीच्या काठाला वर-खाली जाड खुंटी ठेवत आणि ती खळग्यात फिरे. साऱ्या दाराचा भार खालच्या खुंटीवर येतो, म्हणून घर्षण भरपूर असते. परंतु ते खुंटीच्या मध्यापासून बोटा-दोन बोटांवर अडवते, तर माणूस हाताहाताने दूर असलेल्या टोकाला जोर लावतो. म्हणून दार फिरते. यंत्रातील शाफ्टचा भारही असाच त्याच्या लहानशा मानेवर येतो. त्या मानेचे जे होईल तेच यंत्राचे होते.

झीज होते कशी?

आरशासारखा चकचकीत शाफ्ट सूक्ष्मदर्शकाखाली उंचवटे व खळग्यांनी भरलेला दिसतो. दोन भाग एकमेकांवर टेकतात ते फक्त या उंचवट्यांच्या टोकांवर. केंब्रिजच्या बाउडन व टेबर या शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले की, खरोखर स्पर्श झालेले क्षेत्र दिसणाऱ्या क्षेत्राचा अगदी किरकोळ हिस्सा असते. सगळा भार त्या टोकांवर आल्याने तिथे धातू धातूला चिकटतो. शाफ्ट फिरला की हे सांधे तुटतात. तोडायला जो जोर लागतो ते घर्षण, आणि तुटताना जो कण निघतो ती झीज.

ही झाली चिकटून होणारी झीज. दुसरी खरवडून होणारी. धूळ, वाळू किंवा आधी निघालेला लोखंडाचा कण मधे सापडला की तो कानशीसारखे काम करतो. तिसरी थकव्याची. बेअरिंगची गोळी एकाच जागेवरून लाखो वेळा गेली की पोलादाला आतून तडा जातो आणि पापुद्रा निघतो. चौथी गंजामुळे होणारी. पावसाळ्यात बंद राहिलेल्या मागावर ती लवकर दिसते.

यंत्रमागाच्या शेडमध्ये दुसऱ्या प्रकाराचा जोर असतो. हवेत कापसाचा भुगा उडत असतो. तो तेलावर बसतो, त्यात धूळ व लोखंडाचा कीस मिसळतो आणि काळा लगदा बनतो. पाहणाऱ्याला वाटते, वंगण भरपूर आहे. प्रत्यक्षात तो घासण्याचा मसाला असतो.

येथे व्यापाऱ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. निव्वळ ताज्या तेलाचा डाग धुलाईत बहुधा निघतो. काळ्या डागात मात्र झिजलेले लोखंड असते. असे कापड हायड्रोजन पेरॉक्साइडने ब्लीच करायला गेले की लोखंडाच्या कणाभोवती रसायनाची क्रिया भडकते आणि तेथील कापूस जळाल्यासारखा कमकुवत होतो, बारीक भोकही पडते. कोऱ्या मालात जो डाग होता तो रंगवलेल्या मालात भोक होऊन येतो. मग प्रोसेसवाला मागवाल्याकडे बोट दाखवतो आणि मागवाला प्रोसेसवाल्याकडे. दोष ब्लीचिंगच्या आधीच, मागाच्या बुशमध्ये सुरू झालेला असतो.

तेल काय करते?

वंगण हा मराठी शब्द बैलगाडीच्या आसाबरोबर खेडोपाडी पोहोचला. त्यासाठी एरंडेल उत्तम मानले जाई, कारण ते धातूला धरून राहते. कॅस्ट्रॉल हे तेलाचे प्रसिद्ध नावसुद्धा एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून १९०९ मध्ये ठेवले गेले.

तेलाचे खरे काम उमगले ते इंग्लंडमध्ये १८८३ च्या सुमारास. बोशाँ टॉवर नावाचा इंजिनियर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले. आस फिरू लागला तर तेल आत जाण्याऐवजी वर येऊ लागले. त्याने बूच मारले. बूच बाहेर फेकले गेले. तेव्हा त्याने दाब मोजला आणि लक्षात आले की, फिरणारा आस स्वतःच तेलाला ओढून पाचरीसारखे आत घालतो. त्या दाबावर सगळा भार तरंगतो. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स याने १८८६ मध्ये याचे गणित मांडले. पदर पुरेसा जाड असेल तर धातू धातूला शिवतच नाही.

यातून आपल्याला तीन व्यवहारी गोष्टी मिळतात.

पहिली, हा पदर फिरण्यामुळे तयार होतो. यंत्र थांबले की तो दबून निघून जातो. म्हणून सुरू होण्याच्या क्षणी झीज जास्त होते. वीज वारंवार जाते-येते त्या दिवशी माग कमी चालतो, पण प्रत्येक नव्या सुरुवातीला बुश कोरडी घासते. अशा दिवशी तेलाकडे लक्ष अधिक हवे.

दुसरी, वेग आणि भार पाहून तेल निवडावे. जलद फिरणाऱ्या हलक्या भागाला पातळ तेल, सावकाश फिरणाऱ्या जड भागाला दाट तेल. सूतगिरणीची चाती मिनिटाला हजारो फेरे घेते, म्हणून चातीचे तेल पातळ असते. साध्या यंत्रमागाचा वरचा शाफ्ट मिनिटाला शे-दीडशे फेरे घेतो आणि खालचा त्याच्या निम्मे. शिवाय प्रत्येक फेऱ्याला झटका बसतो. तिथे चातीचे तेल घातले तर ते टिकत नाही, गळून खाली कापडावर येते. डब्यावर लिहिलेला २२, ४६, ६८ असा आकडा तेलाचा दाटपणा सांगतो. आकडा मोठा तितके तेल दाट. दुकानदाराकडून ‘मशीनचे तेल’ न मागता हा आकडा मागावा.

तिसरी, पदराची जाडी फार तर काही मायक्रॉन असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणजे डोळ्याला न दिसणारा धुळीचा कणही तो पदर फाडू शकतो. झाकण नसलेला तेलाचा डबा आणि जमिनीवर ठेवलेली तेलदाणी यांनी जेवढे नुकसान होते तेवढे कमी तेलानेही होत नसेल.

मागावर तेल कुठे चालत नाही

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये बसवला. मालेगावला उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन कारीगरांनी हातमागाचा धंदा रुजवला आणि पुढे तेथेही यंत्रमाग आले. हातमागावर कारीगराच्या हाताला ताण कळत असे. यंत्रमागावर ते काम घर्षणाकडे सोपवले गेले.

साध्या मागावर ताण्याच्या बीमच्या कडेला साखळी किंवा दोर गुंडाळून त्याला वजन टांगतात. हा घर्षणाचा ब्रेक होय. गोल वस्तूला गुंडाळलेल्या दोराची पकड वेढ्यागणिक पटीने वाढते. घर्षणाचा अंक ०.२ असेल तर एका पूर्ण वेढ्यात दोन टोकांच्या ताणात सुमारे साडेतीन पट फरक पडतो. तेल लागून तोच अंक ०.१ झाला तर फरक दोन पटींहूनही कमी, १.९ पट. सैल टोकाचा ताण तेवढाच ठेवला तर बीम अडवण्याची ताकद जवळजवळ एक-तृतीयांशावर येते. म्हणजे शेजारच्या बुशवर ओतलेल्या तेलाचे चार थेंब ओघळून बीमच्या कडेवर गेले की ताणा सैल पडतो, वीण बिघडते आणि कारीगर वजन वाढवत बसतो. तेल सुकले, धूळ बसली की ताण एकदम वाढतो आणि धागे तुटू लागतात. वर सांगितलेल्या विरळ-दाट विणीचे हे एक नेहमीचे कारण आहे. कापड ओढणारा रोलर मुद्दाम खरखरीत ठेवलेला असतो. त्यावर व ब्रेकच्या पट्टीवर तेल म्हणजे मागाचा हात सोडवणेच आहे.

धाग्याची गोष्ट वेगळी. ताण्याचा प्रत्येक धागा वहिफणीतून जाताना कापड होण्यापूर्वी शेकडो वेळा घासला जातो. त्याला तेल देता येत नाही, म्हणून खळ देतात. सायझिंगमधील स्टार्च तंतू बसवते, आणि त्यात घातलेला मऊपणाचा पदार्थ धाग्याला निसरडे करतो. पूर्वी यासाठी चरबी वापरीत. आता मेण व इतर पदार्थही मिळतात. सायझिंग म्हणजे धाग्याचे वंगणच आहे. तिथे काटकसर केली की मागावर तुटलेले धागे जोडण्यात दिवस जातो.

सर्वांत नवल सूतगिरणीत आहे. अमेरिकेच्या जॉन थॉर्पने १८२८ मध्ये रिंगच्या पद्धतीने सूत काढण्याचे पेटंट घेतले. या पद्धतीत ट्रॅव्हलर नावाची तारेची चिमुकली कडी रिंगवर धावते. आजच्या यंत्रांवर तिचा वेग सेकंदाला ३० ते ४० मीटरपर्यंत, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरहून अधिक जातो. एवढ्या वेगाला तेल घातले तर सूत डागाळेल. मग वंगण कोणते? कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा अगदी पातळ थर असतो. कडीखाली चिरडलेल्या तंतूंचा व मेणाचा पदर रिंगवर बसतो आणि तोच कडीला वाचवतो. म्हणून नवी रिंग सुरुवातीला कमी वेगाने चालवून ‘बसवून’ घ्यावी लागते. कापूस स्वतःच्या सुताचे वंगण स्वतः पुरवतो.

बेअरिंगचा जन्म कापड गिरणीत

बॉल बेअरिंग मोटारवाल्यांची वस्तू आहे असे पुष्कळांना वाटते. परंतु आज सर्वत्र दिसणारा तिचा एक महत्त्वाचा प्रकार कापड गिरणीतून आला. स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथे स्वेन विंगक्विस्ट हा एका गिरणीत देखभालीचा इंजिनियर होता. गिरणी चिकणमातीच्या जमिनीवर होती. जमीन खचे, लांब शाफ्ट वाकडे होत आणि बेअरिंगे खराब होत. १९०७ मध्ये त्याने गोळ्यांच्या दोन रांगांची अशी बेअरिंग काढली की जिच्या बाहेरील कड्याचा आतला भाग गोलाकार असल्याने शाफ्ट थोडा तिरका झाला तरी ती स्वतः जुळवून घेते. त्याच वर्षी एसकेएफ कंपनी निघाली. त्या कंपनीचा कारखाना साठच्या दशकापासून आपल्या पुण्याजवळ चिंचवडला आहे.

बेअरिंगमध्ये ग्रीस भरताना होणारी चूक कमी भरण्याची नसते, जास्त भरण्याची असते. ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेले तेल. आतली मोकळी जागा एक-तृतीयांश ते निम्मी भरली की पुरे. ठासून भरले तर गोळ्या ते घुसळत राहतात, बेअरिंग तापते, ग्रीस पातळ होऊन बाहेर येते. दोन निरनिराळ्या साबणांची ग्रीसेही मिसळू नयेत. पुष्कळदा मिश्रण पाघळते.

जळके तेल : स्वस्ताई कोणाच्या अंगावर?

काही शेडमध्ये गॅरेजमधून आणलेले मोटारीचे जळके तेल मागाला घालतात. लिटरमागे पैसे वाचतात हे खरे. परंतु त्या तेलात काजळी, आम्ल आणि इंजिनाच्या झिजेचा कीस असतो. म्हणजे आपण पैसे देऊन दुसऱ्याच्या यंत्राची झीज आपल्या यंत्रात ओततो.

याहून गंभीर बाब कारीगराच्या शरीराची आहे. लँकेशायरच्या सूतगिरण्यांत म्यूल यंत्रावर काम करणाऱ्यांचे कपडे चातीच्या खनिज तेलाने भिजत. त्यांना जांघेच्या भागात त्वचेचा कर्करोग होत असल्याचे मँचेस्टरच्या डॉक्टरांनी १९२२ मध्ये दाखवले. पुढे १९५३ मध्ये इंग्लंडमध्ये नियम झाला आणि अशा यंत्रांसाठी चांगले शुद्ध केलेले तेल सक्तीचे केले गेले. जळके तेल तर त्या तेलाहूनही वाईट. तेलकट लुंगी किंवा पँट घालून कारीगर बारा-बारा तास उभा राहतो, तेव्हा वाचलेल्या पैशाचा भार त्याच्या कातडीवर पडतो. हे कारखानदाराने विसरू नये, आणि माल घेणाऱ्या आम्ही व्यापाऱ्यांनीही विसरू नये.

पैशाचा हिशेब

ब्रिटिश सरकारने नेमलेल्या पीटर जोस्ट यांच्या समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला. ट्रायबॉलॉजी हा शब्द त्यातूनच रूढ झाला. वंगण व झिजेकडे नीट लक्ष दिले तर ब्रिटिश उद्योगांचे वर्षाला ५१.५ कोटी पौंड वाचतील असा त्यांचा अंदाज होता. २०१७ मध्ये होल्मबर्ग व एर्देमिर या संशोधकांनी हिशेब मांडला की, जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २३ टक्के ऊर्जा अशा घासणाऱ्या जागांवर खर्च होते. त्यातील २० टक्के घर्षणावर मात करण्यात आणि ३ टक्के झिजलेले भाग नव्याने बनवण्यात.

आपल्या शेडचे पाहू. समजा, कोरड्या बुशमुळे एक माग ५० वॅट जादा वीज ओढतो. रोज २० तास चालला तर एक युनिट, महिन्याचे २५ दिवस धरले तर २५ युनिट. २४ मागांचे झाले ६०० युनिट. समजा, डागांमुळे मीटरला दोन रुपये कापले गेले. हजार मीटरला दोन हजार रुपये गेले. यात बुश, पिनियन व बंद मागाचे तास धरलेलेच नाहीत. प्रत्येकाने स्वतःचे आकडे घालून हा हिशेब करावा आणि मग महिन्याचे तेलाचे बिल शेजारी ठेवून पाहावे.

कारखानदार व कारीगरांसाठी

१. आधी पुसा, मग तेल घाला. भुग्यावर घातलेले तेल आत जात नाही.

२. थोडे आणि वेळेवर. आठवड्यातून एकदा भरपूर ओतण्यापेक्षा पाळीगणिक दोन थेंब चांगले. जास्तीचे तेल कापडावरच जाते.

३. बीमची कड, ब्रेक, पट्टा व खरखरीत रोलर कोरडे राखा. चुकून तेल लागले तर लगेच पुसून काढा.

४. कापडाच्या वर असलेल्या भागांसाठी धुऊन निघणारे लूम ऑइल वापरा. ते महाग असते, पण कापलेल्या भावापेक्षा स्वस्त पडते.

५. तेलाचा डबा झाकून ठेवा. दाट व पातळ तेलाच्या तेलदाण्यांना वेगळा रंग द्या.

६. भिंतीला एक वही टांगा. माग नंबर, तारीख, कोणते तेल, कोणी घातले. बेअरिंग बदलली तर तेही लिहा. सहा महिन्यांत कोणता माग वारंवार खातो ते वहीच सांगेल.

शिलाईकाम करणाऱ्या बंधूंनाही हेच लागू आहे. मशीनला तेल दिल्यावर आधी चिंधीवर चार रेघा मारून घ्याव्यात. जलद चालणाऱ्या कारखानी मशीनवर पॉलिएस्टर शिवताना सुई घर्षणाने इतकी तापू शकते की धागा वितळून तुटतो, कारण पॉलिएस्टर सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळते. अशा वेळी दोष धाग्याला न देता वेग थोडा कमी करावा किंवा सिलिकॉनचा हात दिलेला धागा वापरावा.

व्यापारी बंधूंना आमची सूचना एवढीच आहे. डाग दिसला की भाव कापणे हा आपला हक्क आहे, पण त्याबरोबर कारखानदाराला डाग कुठे पडला, काठापासून किती अंतरावर आणि किती मीटरला पुन्हा येतो, हे चिठ्ठीवर लिहून कळवावे. ठरावीक अंतराने येणारा डाग ठरावीक फिरणाऱ्या भागाकडे नेतो आणि जॉबर तो भाग अर्ध्या तासात शोधू शकतो. आणि जो कारखानदार सलग काही महिने स्वच्छ माल देतो त्याला मीटरमागे चार पैसे जास्त देण्यास कचरू नये. ते पैसे चांगल्या तेलाच्या रूपाने आपल्याच ठाणात परत येतात.